साडेसदतीस अंश आणि एलएम३५८चे छत

माझा आतेभाऊ विट्याजवळ गावरान कोंबड्या पाळतो. खुडूक कोंबडीखाली एका वेळी फार तर दहा-बारा अंडी बसवता येतात, म्हणून गेल्या हिवाळ्यात त्याने थर्माकोलच्या पेटीत बल्ब, छोटा पंखा आणि पाण्याचे भांडे ठेवून उबवणी यंत्र तयार केले आणि तापमान नियंत्रणाचा बोर्ड पॉलिटेक्निकमध्ये शिकणाऱ्या एका ओळखीच्या मुलाकडून करून घेतला. रचना साधी होती. तापमान मोजायला एलएम३५, त्याचा सिग्नल दहापट वाढवायला एलएम३५८ हा ऑप-ॲम्प (सिग्नल वाढवणारा आयसी, म्हणजे चिप), तो वाचायला मायक्रोकंट्रोलर (प्रोग्रामवर चालणारी चिप) आणि बल्ब चालू-बंद करायला रिले (विजेने चालणारे बटण). पेटीत साडेसदतीस अंश सेल्सिअस झाले की बल्ब बंद व्हावा, एवढीच अपेक्षा होती. पहिले चार दिवस थंडी कडक होती; बल्ब सतत जळत राहूनही पेटी जेमतेम सदतीसपर्यंत पोहोचत होती, त्यामुळे तो कधीच बंद होत नाही याची शंका कोणाला आली नाही. पाचव्या दिवशी ढग आले, थंडी ओसरली आणि रात्री मला फोन आला. "ताई, आकडा सदतीसच्या पुढं सरकंना आणि बल्ब काय बंद हुईना. आत हात घातला तर भट्टी झालीया."

मी त्याला आधी बल्बची वायर काढायला सांगितली आणि मग मल्टिमीटर घ्यायला लावला. एलएम३५८मध्ये दोन ॲम्प्लिफायर असतात; त्याच्या आठ पिनांपैकी ८ नंबरला सप्लाय, ४ नंबरला ग्राउंड, पहिल्या ॲम्प्लिफायरचे आउटपुट १ नंबरला आणि त्याचे दोन इनपुट २ व ३ नंबरला असतात. सप्लाय बरोबर ५ व्होल्ट होता. १ नंबरवर ३.७१ व्होल्ट होते. मग मीटर २००० मिलिव्होल्टच्या रेंजवर ठेवून त्याने ३ नंबरचा आकडा वाचला, तो ३९४ होता. २ नंबरचा वाचला, तो ३७१ होता. एलएम३५ दर अंशाला १० मिलिव्होल्ट देतो, म्हणजे पेटीत ३९.४ अंश तापमान होते आणि मायक्रोकंट्रोलरला मात्र ३७.१ अंश दिसत होते. सेन्सर खरे सांगत होता, प्रोग्राममध्ये चूक नव्हती, आयसी जळालेला नव्हता आणि एकही सोल्डर सुटलेला नव्हता. ५ व्होल्टच्या सप्लायवर एलएम३५८चे आउटपुट जिथवर चढू शकते, तिथवर, म्हणजे आपल्या छतापर्यंत, ते चढले होते आणि तिथेच थांबले होते. त्या बॅचमधले एकही पिल्लू निघाले नाही.

३९४ आणि ३७१ या दोन आकड्यांमधला २३ मिलिव्होल्टचा फरक मला या लेखात सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ऑप-ॲम्प शिकवताना सांगतात, की त्याचे दोन्ही इनपुट एकाच व्होल्टेजला असतात. हे वाक्य जसेच्या तसे पाठ होते आणि पुढे तो आयसीचाच एखादा गुण असल्यासारखे वापरले जाते. वास्तविक आयसी स्वतःहून दोन्ही इनपुट सारखे ठेवत नाही. तो त्यांच्यातला फरक लाखाच्या पटीत वाढवून आउटपुटला देतो आणि आउटपुटचा काही भाग रेझिस्टरमधून उणे इनपुटला परत जात असल्यामुळे (हाच फीडबॅक) तो फरक मिटेपर्यंत आउटपुट हलत राहते. इनपुट सारखे होणे हा आउटपुट हलल्याचा परिणाम आहे. आउटपुटला हलायला जागाच उरली नाही, तर फरक मिटत नाही, त्या क्षणी फीडबॅक संपतो आणि गेनचे, म्हणजे सिग्नल किती पट वाढेल याचे, सूत्र लागू पडत नाही. म्हणून बंद पडलेल्या किंवा खोटे आकडे देणाऱ्या सर्किटपाशी बसले, की मी आउटपुटच्याही आधी उणे आणि अधिक या दोन इनपुटांचे व्होल्टेज तपासते. दोन-तीन मिलिव्होल्टचा फरक असेल तर लूप, म्हणजे फीडबॅकचा फेरा, जिवंत आहे आणि दोष दुसरीकडे शोधावा. त्याहून बराच मोठा फरक असेल, तर आउटपुट छताला किंवा जमिनीला, म्हणजे त्याच्या वरच्या किंवा खालच्या मर्यादेला, टेकले आहे, फीडबॅकचा रस्ता तुटला आहे किंवा आयसी गेला आहे. साध्या मीटरने अर्ध्या मिनिटात होणारी ही तपासणी प्रयोगशाळेच्या वहीत क्वचितच सापडते.

ज्या मुलाने बोर्ड केला, त्याला मी दोष देत नाही. त्याने १० किलोओहम आणि ९० किलोओहमचे रेझिस्टर घेऊन एक अधिक नऊ म्हणजे दहा हा गेन अचूक काढला होता. त्याने पाहिलेल्या आकृतीत ऑप-ॲम्प हा एक त्रिकोण होता, ज्याला दोन इनपुट आणि एक आउटपुट होते. आकृती स्वच्छ दिसावी म्हणून सप्लायच्या दोन पिना तिथे काढत नाहीत आणि नेमक्या त्याच पिना त्या त्रिकोणाचे छत आणि जमीन ठरवतात. मला अधिकार असता तर पहिल्या वर्षीच्या प्रत्येक आकृतीत त्या दोन रेघा सक्तीने काढायला लावल्या असत्या. एलएम३५८च्या डेटाशीटमध्ये (कंपनीच्या माहितीपत्रकात) हे उघडपणे लिहिलेले आहे, की आउटपुट सप्लायपेक्षा सुमारे दीड व्होल्ट खालीच राहते. म्हणजे ५ व्होल्टवर साडेतीन व्होल्टची खात्री धरावी. लोड अगदी हलका असला की आणखी दोन-अडीच दशांश व्होल्ट मिळतात आणि तसेच इथे झाले. साडेसदतीस अंशांना ३.७५ व्होल्ट लागत होते. चाळीस मिलिव्होल्ट कमी पडले.

छताची ही अडचण ऑप-ॲम्पइतकीच जुनी आहे. हॅरॉल्ड ब्लॅक यांना १९२७ साली ऋण फीडबॅकची कल्पना सुचली, ती टेलिफोनच्या ॲम्प्लिफायरमधली विकृती कमी करण्यासाठी होती. 'ऑपरेशनल ॲम्प्लिफायर' हे नाव जॉन रागाझिनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या १९४७च्या लेखातून रूढ झाले, कारण ॲनलॉग संगणकात हे ॲम्प्लिफायर बेरीज, वजाबाकी, संकलन अशा गणिती क्रिया करत असत. फिलब्रिक कंपनीचा १९५२चा के२-डब्ल्यू हा दोन व्हॅक्यूम ट्यूबचा ऑप-ॲम्प अधिक-उणे ३०० व्होल्टच्या सप्लायवर चालत असे आणि त्याचे आउटपुट अधिक-उणे ५० व्होल्टच्या आतच फिरत असे. मग १९६५ साली बॉब विडलर यांचा ७०९ आला, ज्याला स्थिर ठेवण्यासाठी बाहेरून कपॅसिटर आणि रेझिस्टर लावावे लागत आणि ते चुकले तर तो आपोआप दोलायमान होई. १९६८ साली डेव्ह फुलागर यांनी फेअरचाइल्डमध्ये ७४१ तयार केला आणि तो ३० पिकोफॅरडचा कपॅसिटर आयसीच्या आतच बसवला. आउटपुट ग्राउंडला शॉर्ट झाले तरी प्रवाह सुमारे २५ मिलिअँपिअरवर अडवण्याची सोयही त्यात होती. चुकणाऱ्या हातांना सांभाळून घेणारा आयसी म्हणून तो सगळीकडे पसरला आणि आमच्या पिढीने पुण्याच्या तापकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून आणलेला पहिला ऑप-ॲम्प बहुधा तोच होता.

विट्याच्या दुकानात त्या वेळी एलएम३५८ नसता, तर दुकानदाराने ७४१ दिला असता आणि सर्किट त्याहून वाईट वागले असते. ७४१ अधिक-उणे १५ व्होल्टच्या जगासाठी घडवलेला आहे. त्याचे इनपुट दोन्ही सप्लायपासून दोन-तीन व्होल्ट आत असतील तरच तो शुद्धीवर असतो. ग्राउंड हाच ज्याचा खालचा सप्लाय आहे अशा ५ व्होल्टच्या बोर्डावर ३७५ मिलिव्होल्टचा सिग्नल त्याच्या जमिनीला इतका चिकटलेला असतो, की तो वाचताच येत नाही. उलट १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला आलेला एलएम३२४ आणि त्याचा दुहेरी भाऊ एलएम३५८ हे एकेरी सप्लायसाठीच केले गेले. त्यांच्या इनपुटला पीएनपी प्रकारचे ट्रान्झिस्टर असल्याने इनपुट अगदी ग्राउंडपर्यंत उतरू शकतात आणि ते ३ व्होल्टपासून ३२ व्होल्टपर्यंतच्या सप्लायवर चालतात. त्यामुळे एलएम३५च्या मागे ३५८ लावणे हा त्या मुलाचा निर्णय बरोबरच होता. जमिनीचा प्रश्न त्याने नकळत सोडवला होता आणि छताचा राहून गेला.

टीएल०७२ या दुसऱ्या ऑप-ॲम्पचीही शिफारस मला एकाने केली होती, कारण त्याच्या पिना ३५८सारख्याच आहेत आणि तो 'चांगला' समजला जातो. त्याच्या इनपुटला जेफेट प्रकारचे ट्रान्झिस्टर असल्यामुळे इनपुटचा प्रवाह काही दशक पिकोअँपिअर इतकाच असतो आणि वेगही बराच जास्त असतो, परंतु त्याचे इनपुट खालच्या सप्लायजवळ गेले की आउटपुट उलट दिशेला उडी मारते. शून्याच्या जवळ असायला हवे तेव्हा ते वर जाऊन बसते. तापमान नियंत्रणात असा आयसी बसवणे धोक्याचे आहे. पिना जुळल्या म्हणजे आयसी जुळला, हा समज मी अनेक दुरुस्त्यांमध्ये पाहिला आहे आणि प्रत्येक वेळी तो महाग पडलेला आहे.

दुरुस्तीसाठी तीन वाटा होत्या. पहिली वाट म्हणजे ३५८ला रिलेसाठी असलेला १२ व्होल्टचा सप्लाय द्यायचा. त्याने छत दहा व्होल्टच्या वर जाते, पण सेन्सरची वायर सुटली तर तेवढे व्होल्टेज थेट ५ व्होल्टच्या मायक्रोकंट्रोलरच्या पिनवर जाऊन तो मरू शकतो, म्हणून मधे संरक्षण लावावे लागते. दुसरी वाट एमसीपी६००२ हा ऑप-ॲम्प वापरण्याची. पिना त्याच, सप्लाय १.८ ते ६ व्होल्ट आणि आउटपुट दोन्ही टोकांच्या काही मिलिव्होल्ट जवळपर्यंत जाते. नवा बोर्ड करायचा असता तर मी हाच घेतला असता. परंतु तो मागवावा लागला असता आणि अंडी तयार होती. म्हणून तिसरी वाट धरली, ती गेन कमी करण्याची. ९० किलोओहमच्या जागी २० किलोओहमचे दोन रेझिस्टर एकापुढे एक जोडले, गेन पाच झाला आणि साडेसदतीस अंशांना आता १.८७५ व्होल्ट लागतात. मायक्रोकंट्रोलर ५ व्होल्टचे १०२४ भाग पाडतो, म्हणजे एक पायरी सुमारे ४.९ मिलिव्होल्टची होते. दर अंशाला ५० मिलिव्होल्ट मिळत असल्यामुळे एका अंशाच्या दहा पायऱ्या पडतात आणि अंडी उबवायला एक दशांश अंश पुरेसा आहे. दहापट गेन मुळात का घेतला होता, असे मी त्या मुलाला विचारले, तेव्हा दहाने हिशेब सोपा जातो असे त्याने प्रांजळपणे सांगितले.

खरे तर इथे ऑप-ॲम्पवाचूनही भागले असते. त्या बोर्डावरच्या मायक्रोकंट्रोलरमध्ये १.१ व्होल्टचा अंतर्गत संदर्भ निवडता येतो आणि मग एक पायरी सुमारे १.०७ मिलिव्होल्टची होते, म्हणजे एलएम३५ थेट जोडूनही दशांश अंश मोजता येतो. तो अंतर्गत संदर्भ प्रत्येक चिपमध्ये १.० ते १.२ व्होल्टच्या दरम्यान कुठेही असू शकतो, म्हणून एकदा जुळवून घ्यावा लागतो, एवढेच. तरीही मी ३५८ काढला नाही, कारण त्याच्या दुसऱ्या अर्ध्या भागासाठी माझ्याकडे काम होते. ते पुढे सांगते.

गेन बदलून छताचा प्रश्न सुटला, पण ऑफसेटचा सुटला नाही आणि गेनने तो सुटतही नाही. दोन्ही इनपुट सारखे असताना आउटपुट शून्य असावे, पण आतले ट्रान्झिस्टर तंतोतंत जुळे नसल्यामुळे काही मिलिव्होल्टचा फरक आयसी स्वतःच धरून बसतो. साध्या ३५८मध्ये हा फरक सहसा दोन-तीन मिलिव्होल्ट असतो आणि डेटाशीट ७ मिलिव्होल्टपर्यंत मुभा देते. हा फरक इनपुटलाच मिसळतो, म्हणून गेन दहा असो वा पाच, ७ मिलिव्होल्ट म्हणजे ०.७ अंशाची चूक कायम राहते. कोंबडीच्या अंड्यासाठी साडेसदतीस आणि सव्वाअडतीस यांत फार अंतर आहे. ७४१ला १ आणि ५ नंबरच्या पिनांमध्ये १० किलोओहमचा प्रीसेट (फिरवून बदलता येणारा रेझिस्टर) लावून आणि त्याची मधली पिन उणे सप्लायला जोडून ऑफसेट घालवता येतो. ३५८ला ती सोय नाही. मात्र हा फरक तापमानागणिक फारच सावकाश बदलतो, साधारणपणे दर अंशाला ७ मायक्रोव्होल्ट, म्हणून तो एकदा मोजला की प्रोग्राममध्ये कायमचा वजा करता येतो. त्यासाठी आम्ही ताप मोजण्याचा थर्मामीटर वापरला. त्याची रेंज ३५ ते ४२ अंशांची, म्हणजे नेमकी आमच्या कामाची असते. पेटीत थर्मामीटरवर ३७.५ दिसत असताना, म्हणजे जाणकार पोल्ट्रीवाले ज्याला फॅरनहाइटमध्ये साडेनव्व्याण्णव म्हणतात तिथे, ३ नंबरवर ३७५ आणि २ नंबरवर ३७३ मिलिव्होल्ट आले. डिस्प्ले दोन दशांश कमी दाखवत होता. ते दोन दशांश प्रोग्राममध्ये मिळवले.

आता दुसरा अर्धा भाग. बोर्डावर त्याच्या ५, ६ आणि ७ नंबरच्या पिना तशाच मोकळ्या सोडलेल्या होत्या. मोकळे इनपुट वाऱ्यावर तरंगतात, आउटपुट वरखाली होत राहते आणि त्याचा त्रास त्याच आयसीतल्या शेजाऱ्यालाही होऊ शकतो. वापर नसेल तर आउटपुट उणे इनपुटला जोडून अधिक इनपुटला रेंजमधले एखादे स्थिर व्होल्टेज द्यावे. इथे मात्र मी त्याला राखणदार केले. उणे इनपुटला प्रीसेटने ३८५ मिलिव्होल्ट ठरवून दिले, अधिक इनपुटला एलएम३५चा सिग्नल ४.७ किलोओहममधून दिला आणि आउटपुटपासून अधिक इनपुटपर्यंत १ मेगाओहम लावला. तापमान साडेअडतीसच्या किंचित वर गेले की आउटपुट झटकन छताला जाऊन टेकते आणि एका ट्रान्झिस्टरमार्फत रिलेची शक्ती काढून घेते. त्या मेगाओहममुळे सुमारे १७ मिलिव्होल्टची, म्हणजे पावणेदोन अंशांची अढी (रिले तुटण्याच्या आणि पुन्हा जुळण्याच्या तापमानांतले अंतर) तयार होते आणि काठावर रिले कडकडत राहत नाही. इथे आउटपुट छताला टेकणे हेच हवे आहे आणि ट्रान्झिस्टरच्या बेससाठी ३.७ व्होल्ट भरपूर होतात.

ऑप-ॲम्प असा कंपॅरेटर (दोन व्होल्टेजची तुलना करणारा) म्हणून वापरू नये, असे नियम म्हणून सांगितले जाते. वेगवान कामाला ते योग्यच आहे, कारण छतावरून निघून जमिनीवर यायला या आयसींना वेळ लागतो. शिवाय एनई५५३२सारख्या काही ऑप-ॲम्पच्या दोन इनपुटांमध्ये आतून उलटसुलट डायोड असतात, त्यांच्यावर मोठा फरक टाकलेला चालत नाही. ३५८मध्ये तसे डायोड नाहीत आणि कोंबडीच्या अंड्याला मायक्रोसेकंदाची घाई नाही. अर्थात सेन्सर आणि आयसी दोन्ही कामांना सामाईक असल्यामुळे ही राखण अपुरी आहे. पेटीत तो थर्मामीटर कायमचा ठेवावा, असे मी आतेभावाला बजावले आहे.

३५८ सगळीकडे चालतो, असा याचा अर्थ कोणी घेऊ नये. आमच्या गल्लीतल्या भजनी मंडळाच्या माइकचा प्रीॲम्प माझ्याकडे आला होता. त्यात हाच आयसी होता आणि तक्रार अशी होती, की हळू आलाप घेतला की आवाज चिरकतो, जोरात गायले की बरा वाटतो. हे ३५८चे ठरलेले लक्षण आहे. त्याचे आउटपुट प्रवाह देण्यावरून प्रवाह घेण्यावर जाते, तिथे क्षणभर खळ पडतो आणि लहान सिग्नलमध्ये तो जास्त ऐकू येतो. आउटपुटपासून खालच्या सप्लायपर्यंत काही किलोओहमचा रेझिस्टर लावून आउटपुट सतत एकाच बाजूने चालू ठेवले, की तो बराच कमी होतो. मी तिथे टीएल०७२ बसवला, कारण सप्लाय अधिक-उणे १२ व्होल्टचा होता आणि सिग्नल दोन्ही सप्लायपासून दूर, मध्यभागी होता. जो आयसी उबवणीच्या पेटीत घातक ठरला असता, तो माइकच्या मागे उत्तम चालला. ७४१ तिथेही चालला नसता: शंभरपट गेनवर त्याची धाव १० किलोहर्ट्झला संपते आणि त्यापुढचा टाळांचा खणखणाट बोथट होतो.

पेटीच्या बोर्डावर आणखी दोन छोटे बदल केले. ३५८च्या ८ आणि ४ नंबरच्या पिनांना अगदी चिकटून ०.१ मायक्रोफॅरडचा सिरॅमिक कपॅसिटर लावला आणि रिलेच्या कॉइलला उलटा डायोड जोडला, जो आधी नव्हता. रिले सुटताना डिस्प्लेवरचा आकडा जो उडत असे, तो त्यानंतर उडालेला नाही. सेन्सरची वायर मात्र बोर्डापासून हातभरच ठेवली, कारण लांब वायरची कपॅसिटन्स एलएम३५ला सोसत नाही.

दुसऱ्या बॅचच्या अंड्यांना एकविसाव्या दिवशी चोच लागली. सध्या पेटीत तिसरी बॅच आहे. बोर्ड करणारा मुलगा आता दर रविवारी तिथे जाऊन मीटर लावतो आणि काल त्याने न विचारताच दोन आकडे कळवले: ३ नंबरवर ३७६, २ नंबरवर ३७४.